एक पाऊल भिंतीकडं

हेनिंगनं पडद्यावरचा एक ठिपका बोटानं दाबला, ढेकूण चिरडावा तसा, आणि म्हणाला, "बर्फ तोलायचं हे केंद्र आपण यादीतून टाकून देऊ या." मी त्याच्या खुर्चीमागं कॉफीचा कप घेऊन उभी होते. ठिपक्यावर नाव नव्हतं, नुसता चार आकडी क्रमांक होता, पण काळोखात आपल्या घराची कडी हाताला सापडते तसा तो मला सापडला. "बघ ना," तो म्हणाला, "एकतीस हिवाळे म्हातारा कसा शहाण्यासारखा वागला. सगळे ठिपके रेघेवर, माळेत ओवल्यासारखे. आणि इथून पुढं बघ. जानेवारीत एप्रिलचा बर्फ तोलतोय. काट्याला वाइन पाजली असणार, नाहीतर स्वतः घेतली असणार." मी हसले. कचेरीत माणूस आधी हसतो आणि मग ऐकतो. हेनिंग उत्तरेकडचा, समुद्राकाठचा; त्याच्या गावात चार बोटं बर्फ पडला की शाळेला सुट्टी. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, हुशार, मनानं चांगला. माझं आडनाव फ्राय, नवऱ्याकडचं. सुरप्लाउन गावचा निरीक्षक जिएरी कदुफ हा माझा बाप आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नव्हतं सांगितलं. "उद्या यादी द्यायचीय, उर्सिना. कुठली वर्षं वगळली आणि का. कारणाच्या रकान्यात ‘निरीक्षकाची चूक’ असं लिही, विषय संपला." कप ठेवायला गेले तर कॉफी हिंदकळून कागदांवर सांडली. "अगं, हळू," तो म्हणाला, "एका म्हाताऱ्यासाठी एवढी कॉफी नको सांडूस."

खिडकीबाहेर झ्युरिकचं फेब्रुवारीतलं पाणचट ऊन होतं आणि गल्लीच्या कडेला काळवंडलेल्या बर्फाचा एक ढीग कित्येक दिवस सरता सरत नव्हता. आमचं काम लोकांना सांगायला गेलं की लोक गमतीनं बघतात. बर्फ किती उंच साचला हे पट्टीनं कळतं. तो किती जड झालाय हे पट्टी सांगत नाही. पडतो तेव्हा त्यात बर्फ थोडा आणि हवाच फार. मग त्याच्यावर दुसरा पडतो, तिसरा पडतो, वरच्याच्या ओझ्यानं खालचा दबतो, कण कणाला धरतो, हवा मुकाट्यानं निघून जाते. डिसेंबरात घनमीटरला शंभर किलो भरणारा बर्फ एप्रिलात साडेचारशेवर जातो. नदीला पाणी किती येणार, गोठ्याचं छप्पर कधी वाकणार, ते सगळं त्या वजनावर. पण पट्टी वाचणारी माणसं पुष्कळ, तोलणारी थोडी. म्हणून गेली सहा वर्षं मी एक मॉडेल बांधत होते. त्याला रोजची नुसती उंची द्यायची. उंची दोन बोटं उतरली म्हणजे आत कुठला थर किती दबला, कुणाच्या ओझ्यानं, किती दिवसांत, हे त्यानं ओळखायचं आणि आजचं वजन सांगायचं. वर काय चाललंय तेवढं बघून आत काय झालं असेल ते ओळखायचं. माणसांच्या बाबतीत मला हे कधी जमलं नाही. आणि मॉडेल खरं बोलतंय का हे पडताळायला शेवटी तोललेलेच आकडे लागतात, कुणीतरी कमरेपर्यंत खड्ड्यात उतरून, नाकाचं पाणी बाहीला पुसत लिहिलेले. आमच्या घरामागच्या कुंपणातले एकतीस हिवाळ्यांचे आकडे या मॉडेलचे मूळ धडे होते. ते त्यांच्याच आधारानं चालायला शिकलं होतं.

महिन्याच्या एक तारखेला आणि पंधरा तारखेला बाबा टोपी कानावर ओढून निघायचे. हातात फावडं, काखेत ॲल्युमिनियमची नळी, गळ्यात काटा. कुंपणाच्या आत कुणी पाऊल टाकायचं नाही, मांजरानंसुद्धा नाही. मी मांजराला उचलून फळीवर उभी राहायची आणि ते दोघं आत जायचे, बाबा पुढं, आई मागं, त्यांच्याच पावलांत पाऊल ठेवत. बाबा जमिनीपर्यंत खड्डा उकरायचे, त्याच्या न मोडलेल्या भिंतीत वरून नळी रोवायचे, भरलेली नळी काट्याला लटकवायचे. काट्यावर बर्फ झुलत असताना ते श्वास धरायचे. मग खड्डा परत बुजवायचा, म्हणजे वारा आत शिरून बाकीचा बर्फ नासवत नाही. आणि पंधरा दिवसांनी कुठंही उकरा, पण बुजवलेल्या जागी नाही. तिथला बर्फ एकदा मोडलेला असतो. फावड्यानं आत लोटलेला, घट्ट बसलेला, कोवळ्या वयात म्हातारा झालेला. बुजवल्यावर आई तिथं हेझलची काठी खोचायची, काठीला लाल लोकरीचा धागा. जुने स्वेटर उसवून तिनं त्या धाग्यांचा गुंडा केला होता. पण आमच्याकडं एका रात्रीत हातभर बर्फ पडतो. पंधरा दिवसांत काठी धाग्यासकट गडप व्हायची आणि कुंपण पुन्हा धुतलेल्या चादरीसारखं कोरं. तेव्हा बाबा फावडं घेऊन मध्येच थबकायचे आणि आई देवळाचा कळस आणि पलीकडच्या गवताच्या कोठाराचा खांब एका रेषेत धरून, डोळे बारीक करून म्हणायची:

एक पाऊल भिंतीकडं,
दोन पावलं उन्हाकडं,
उकरलेलं निजू द्यावं,
नवं बघावं पलीकडं.

मला ते माझ्यासाठी म्हटलेलं गाणं वाटायचं. झोपतानाही मी तेच मागायची. शेवटच्या हिवाळ्यात आईच्यानं बाहेर पडवेना, तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या खिडकीशी शाल पांघरून बसायची आणि सांडशीनं काचेवर टकटक करायची; बाबा मान वळवून बघायचे आणि सरकायचे. मी सुट्टीत आले होते. "तुमचा काय तारघर-खेळ चाललाय?" मी म्हणाले. "तुझ्या बापाला दिशा कळत नाही," आई म्हणाली, "लग्नाच्या दिवशी सरळ दुसऱ्याच देवळात गेला असता." बाबा म्हणाले, "गेलो असतो तर आज माझ्या कॉफीत साखर असती." त्या हिवाळ्याचे ठिपके आज हेनिंगच्या पडद्यावर सगळ्यांत स्वच्छ होते. दोन हजार बाराच्या ऑक्टोबरात, पहिला बर्फ पडायच्या आधी, आई गेली.

आणि पहिला बिघडलेला ठिपका पुढच्या जानेवारीच्या पंधरा तारखेचा. मॉडेल म्हणत होतं घनमीटरला दोनशे अठ्ठेचाळीस किलो. बाबांनी लिहिलं होतं तीनशे बहात्तर. मग कधी बरोबर, कधी नाही, तीन हिवाळे. ते मी त्या वेळीही पाहिले होते, आणि आज कॉफी सांडली ती त्यापायी. आठ वर्षांपूर्वी निरीक्षकांच्या वह्या तपासायचं काम माझ्याकडं होतं. सुरप्लाउनच्या आकड्यांवर तांबडी खूण उठली. फोन उचलून "बाबा, हे काय झालं?" एवढं विचारायचं होतं. फोनशी हात गेलाही. पण आई गेल्यापासून आमचं बोलणं हवा आणि जेवण यांच्या पलीकडं जात नव्हतं. दोघंही एकमेकांना सांभाळत होतो, म्हणजे टाळत होतो. शिवाय मनात आलं, की बापाला वेगळा न्याय नको. कचेरीचं छापील पत्र होतं: आपल्या नोंदींत वारंवार विसंगती आढळली आहे, तरी काटा व मापनपद्धती तपासून घ्यावी. खाली विभागाचा शिक्का, सही नाही. त्या पत्रावर मी पत्ता टाकला. आपल्याच घराचा पत्ता मी परक्यासारखा, पिनकोडासकट, नीट टंकला. ईस्टरला घरी गेले तेव्हा त्यांनी कापुन्स केले होते, आईसारखेच पिठाचे गोळे बीटच्या पानांत गुंडाळून, पण पानं सुटून सगळं दुधात विरघळलं होतं. आम्ही चमच्यानं खाल्लं. पत्राचं त्यांनी काढलं नाही. मी काढलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं. शरद आला तेव्हा त्यांनी कचेरीला कळवलं की गुडघे दुखतात, आता जमणार नाही. काटा खिळ्याला गेला. त्यानंतर पहाटे उठायचं त्यांना कारण उरलं नाही.

"घरी जरा काम निघालं," असं हेनिंगला सांगून मी दुपारीच निघाले. रकाना मोकळाच ठेवला. गाडी तळ्याच्या कडेकडेनं धावत होती आणि मला डॉक्टरांचा प्रश्न आठवत होता. बाबांना वृद्धाश्रमात ठेवायच्या वेळी त्यांनी विचारलं होतं, विसरायला साधारण कधी सुरुवात झाली? मी म्हणाले होते, दोन हजार सतरा. त्या वर्षी बाबांनी शेगडीवर रिकामं भांडं ठेवलं होतं. किती ठामपणे म्हणाले होते. आता वाटत होतं, तारीख तर माझ्याजवळ लिहून होती, दिवसासकट. त्या जानेवारीच्या पंधरा तारखेला एक माणूस आपणच बुजवलेला खड्डा विसरला, आणि जगात ते फक्त मला दिसण्यासारखं होतं, आणि मी त्याला काटा तपासायला सांगितलं. एक ओझं पडलं की त्याच्याखाली काय काय आणि किती दिवस दबत राहतं, हे मी सहा वर्षं कागदावर मांडत होते. त्या पत्राचं वजन करून बघावं असं कधी सुचलं नाही. कूरला गाडी बदलली, तांबड्या छोट्या गाडीनं ऱ्हाइनच्या घळीतून वर गेले. डब्यात दोन बायका कुणाच्या तरी सुनेची उणीदुणी काढत होत्या, चांगल्या पोटभर. त्यांचा हेवा वाटला. त्यांना कुणाला काही विचारायचं नव्हतं.

शेवटचा टप्पा बसनं गाठला. वृद्धाश्रमाच्या दारात बाबांची देखभाल करणारी दुल्से भेटली. ती पोर्तुगालची, आमची रोमान्श बोली ती बाबांकडूनच शिकली, म्हणून तिच्या बोलण्यात बर्फाचे शब्द जास्त आणि स्वयंपाकाचे कमी. "या या. स्वारी आज खुशीत आहे," ती म्हणाली. "सकाळपासून सगळ्यांच्या वाट्या तोलून झाल्या. माझं पुडिंग म्हणे वाऱ्यानं उडालेल्या बर्फासारखं. दोनशे वीस सांगितलंन्. त्याच्या वर काही केल्या जाईना." बाबा खिडकीशी बसले होते. पुढं नासपतीच्या पावाचा तुकडा आणि हातात कप, किंचित उचलून धरलेला. मला पाहून ते खुर्चीतून अर्धे उठले. आपल्या मुलीसाठी कुणी अर्धं उठत नाही.

"बसा," ते म्हणाले. "कचेरीतून आलात?"

एरवी मी म्हणते, बाबा, मी उर्सिना. मग त्यांच्या चेहऱ्यावर कष्ट उमटतात, पाहुण्याचं नाव न आठवणाऱ्या यजमानाचे, आणि भेट तिथंच संपते. आज मी म्हणाले, "हो. कचेरीतून." ते काही खोटं नव्हतं.

"काटा न्यायला आला असाल. घरी खिळ्याला आहे. तेल देऊन ठेवलंय."

"काटा नकोय. शेवटच्या तीन हिवाळ्यांच्या आकड्यांबद्दल विचारायचं होतं."

त्यांनी कपात बघितलं. मग कप खाली ठेवला, अगदी हळू, भरलेली नळी काट्यावरून उतरवायचे तसा. "तुमचं पत्र मिळालं होतं मला," ते म्हणाले. "काटा बरोबर होता, बाईसाहेब. दोन लिटर पाण्याची किटली लावून तीनदा बघितला. नळीही सरळ होती. चुकली ती जागा. बुजवलेल्यातच उकरत होतो मी. फावडं खोल गेलं की कळतं. थर दिसत नाहीत, सगळा काला झालेला असतो. पण तोवर उकरून झालेलं असतं, आणि तारीख तर तीच. मग आलं ते लिहिलं. पदरचं एक दशांशसुद्धा लिहिलं नाही."

"दुसरीकडं उकरायचं मग."

"कुठं?" ते माझ्याकडं पाहून हसले, शहरातून आलेल्या माणसाकडं बघून हसावं तसे. "सगळंच पांढरं. दुसरीकडं म्हणजे कुठं? जागा ओना सांगायची, माझी बायको. मी नुसता तोलायचो. लोक म्हणायचे जिएरी बर्फ मोजतो. मी हमाल होतो हो. ती गेली तेव्हा मी काठ्या रोवल्या, धागे बांधले. पण त्या पुरल्या गेल्या की मी तिथं उभा. खिडकीकडं बघायचो."

 म्हणजे ती तारीख विसरण्याची नव्हती. तीनशे बहात्तर हा आकडा आजाराचा नव्हता. खिडकीत कुणी नाही याचा होता. माझ्या मॉडेलला तो आज बरोबर टोचला होता आणि आठ वर्षांपूर्वी मी त्याला विसंगती म्हणाले होते. एकतीस हिवाळे रेघेवर बसलेले ते ठिपके, ज्यांच्या जिवावर मी शिकले, पदव्या घेतल्या, निबंधांतून ज्यांच्यासाठी आभार मानले ‘श्री. जिएरी कदुफ यांचे’, ते सगळे एका बाईनं डोळे बारीक करून, कळस आणि खांब जुळवून जागेवर ठेवले होते. मी तिला मांजराबरोबर कुंपणाशी उभं राहून बघितलं होतं आणि मला वाटायचं, ती बाबांची सोबत करतेय.

"हे कचेरीला कळवलं का नाहीत?" मी विचारलं. माझा आवाज खरंच कचेरीसारखा आला.

"काय कळवू? शेऱ्याच्या रकान्यात वारा लिहायचा, धुकं लिहायचं, बर्फावर पाऊस झाला तर पाऊस. बायको गेली त्याची खूण तुमच्या पुस्तकात नाही. मी शोधली." मग ते खिडकीबाहेरच्या बागेकडं वळले. बाकांवर बर्फ बसला होता, मधून खारीच्या पावलांची एक ओळ गेली होती. त्यांचे ओठ हलू लागले. "एक पाऊल भिंतीकडं," ते म्हणाले, आणि थांबले. पुन्हा म्हणाले, "एक पाऊल भिंतीकडं..." बोटं खुर्चीच्या हातावर टकटक करत होती, पुढची ओळ शोधत. मला राहवलं नाही. "दोन पावलं उन्हाकडं," मी म्हणाले, "उकरलेलं निजू द्यावं..."

"नवं बघावं पलीकडं," त्यांनी पुरं केलं आणि माझ्याकडं पाहिलं.  त्यांच्या डोळ्यांत काहीतरी वर येऊ लागलं, मी श्वास धरला, काटा झुलत असताना ते धरायचे तसा. "हे तुम्हाला कुठून ठाऊक?" त्यांनी विचारलं. "माझी मुलगी म्हणायची हे. एवढीशी होती. मांजर घेऊन." आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर एकदम काळजी आली, ते पुढं झुकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "बाईसाहेब, एक विनंती आहे. माझी मुलगी तुमच्याकडंच नोकरीला आहे. उर्सिना. ओळखत असाल."

"थोडी ओळखते."

"तिला त्या पत्राचं कळू देऊ नका. मी कधी बोललो नाही तिच्याशी. बापाला ताकीद आली हे कळलं तर ती गप्प बसायची नाही. भांडेल तुमच्याशी. आईच्या वळणाची आहे, नोकरीचासुद्धा विचार करणार नाही. ती आपल्या माणसाच्या बाजूनं उभी राहणारी पोर आहे."

दुल्से आत येऊन दिवा लावून गेली. बाहेर अजून उजेड होता, म्हणून दिवा फिका दिसत होता. "नाही सांगणार," मी म्हणाले. "शब्द द्या," ते म्हणाले आणि हात पुढं केला. मी हात दिला. त्यांनी तो तळहातावर ठेवला, किंचित वर उचलला, सवयीनं. "हलका आहे," ते म्हणाले, "जेवत जा नीट." मग माझा हात त्यांनी जिथून घेतला होता तिथंच, माझ्या मांडीवर, परत ठेवला आणि पावाचा तुकडा उचलला.

परतीच्या पिवळ्या बसमध्ये मी मागच्या बाकावर बसले आणि मांडीवर संगणक उघडला. वगळलेली वर्षं: तीन हिवाळे. ती वगळावीच लागणार होती. बुजवलेल्या जागेचा बर्फ काही मोसमाचा बर्फ नव्हे, हे आईनंही सांगितलं असतं. कारणाच्या रकान्यात मी काही शब्द लिहिले आणि खोडले. ‘कौटुंबिक परिस्थिती’ लिहिलं, खोडलं. आठ वर्षांपूर्वीचं पत्र चुकीचं होतं, असं लिहायला लागले आणि हात थांबला. ते या रकान्यात मावणारं नव्हतं, आणि ज्याला सांगायचं त्याला आता मी बाईसाहेब होते. शेवटी लिहिलं: ‘२०१२ पर्यंत या केंद्रावर दोन निरीक्षक. त्यानंतर एक.’ आणि पाठवून दिलं.

हेनिंग जागेवरच असावा. लगेच उत्तर आलं: ‘दोन? नोंदणीत तर एकच नाव आहे. दुसरा कोण?’

मी लिहिलं: ‘दुसरी. ओना कदुफ. जागा ठरवायची. माझी आई.’

पडद्यावर तो काही लिहीत असल्याची खूण उमटली, विझली, पुन्हा उमटली. काट्याला पाजलेली वाइन त्याला आठवली असेल बिचाऱ्याला. मग ती खूण विझली ती विझलीच. बसनं वळण घेतलं. दोन्ही बाजूंना कुरणं दूरवर पांढरी पसरली होती, निळसर होत चाललेली, कुणाचंही पाऊल न पडलेली. काच पुसून मी बघत राहिले. त्यात कुठं उकरलेलं आहे आणि कुठं नाही, काही केल्या मला सांगता येईना.